ताकही फुंकून पिणारा चेहरा: लाल होणाऱ्या, नाजूक त्वचेसाठी प्रसाधनं निवडताना

ऑफिसात शिरले की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "काय गं, रडलीस का?" रडलेली नसते. गोरेगावहून गर्दीच्या वेळेची लोकल पकडलेली असते, चर्चगेटपर्यंत तीन बायकांच्या खांद्यांमध्ये अडकून घामाघूम झालेली असते आणि तिथून थेट एसीच्या झोताखाली येऊन बसलेली असते. गाल तापतात, नाकाच्या दोन्ही बाजू चुणचुणतात. सकाळी लावलेलं क्रीम झोंबणाऱ्यातलं निघालं, तर दिवसभर कुणीतरी चेहऱ्यावरून मिरची कापलेला हात फिरवल्यासारखं वाटत राहतं.

या चेहऱ्यासाठी वस्तू विकत घेता घेता मला बारा-तेरा वर्षं झाली. त्यातल्या निम्म्या वाया गेल्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, तशी आता सवय झाली आहे. अशा त्वचेसाठी खरेदीच्या यादीआधी बंद करायच्या गोष्टींची यादी करावी लागते, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

आधी लाली कशाची ते बघा

लाल चेहऱ्याचे फोटो शोधले तर बहुतेक गोऱ्यापान गालांचेच दिसतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर लाली तशी दिसत नाही. ती तांबूस, तपकिरी, कधी जांभळट छटेची दिसते आणि पुष्कळदा "उन्हाने काळवंडलीस" एवढ्यावर निभावून नेली जाते. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. गाल कपाळापेक्षा गरम लागतो का? साधं पाणी लावलं तरी आग होते का? दुपारी चेहरा ओढल्यासारखा, किंचित सुजल्यासारखा वाटतो का?

त्यानंतर कारण. ऊन, गरम चहा, तिखट मिसळ, दारू, मनस्ताप यांनी गाल भडकत असतील, बारीक फोड येत असतील, रक्तवाहिन्यांच्या रेघा दिसत असतील, तर तो रोझेशिया हा जुनाट त्वचाविकार असू शकतो. नाकाच्या कडांना आणि भुवयांत लालीबरोबर तेलकट पापुद्रे सुटत असतील आणि डोक्यातही कोंडा असेल, तर तो सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याच्याच जातीचा त्वचादाह, असण्याची शक्यता जास्त. त्यावर चेहऱ्याला खोबरेल चोपडलं तर तो आणखी चेकाळतो, कारण त्यामागची बुरशी तेलावरच पोसते. नवीन वस्तू लावल्यावर एक-दोन दिवसांनी खाज सुटून पुरळ आलं, तर ॲलर्जी. आणि पावसाळ्यात कडा उठलेलं, गोल, खाजणारं चकंदळ दिसलं तर तो सरळ नायटा. तो चेहऱ्यावरही होतो.

पाचवं कारण आपल्याकडे फार आहे, आणि त्यासाठी थोडं थांबते.

माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी औषधाच्या दुकानातून एक क्रीम आणलं. "सगळ्या मुली हेच नेतात," असं ऐकून. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की घरातल्या सगळ्यांनी नाव विचारून घेतलं. तिसऱ्या महिन्यात एक दिवस लावायचं राहिलं आणि संध्याकाळपर्यंत चेहरा भाजल्यासारखा झाला. पुन्हा लावलं की शांत, थांबवलं की आग. क्रीममध्ये तीव्र स्टिरॉइड (लाली आणि सूज दाबणारं औषध) होतं, जोडीला रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचा सोलणारं ट्रेटिनॉइन. डॉक्टर ते मिश्रण ठरावीक आठवड्यांसाठी देतात. ती ते पावडरसारखं रोज लावत होती. असं महिनोन् महिने चाललं की त्वचा पातळ होते, केशवाहिन्या उघड्या पडतात, मुरुमं येतात, गालांवर लव वाढते. त्वचारोगतज्ज्ञांनी याला वेगळं नावच दिलं आहे, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर.

तेव्हा पहिलं काम म्हणजे घरातल्या सगळ्या ट्यूब टेबलावर मांडणं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव किंवा उभी लाल रेघ दिसली, तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. महिनोन् महिने लावत असाल तर झटक्यात बंदही करू नका. ते कसं उतरवायचं हे त्वचेच्या डॉक्टरांनीच ठरवावं. नायट्यावर असलं मलम लावलं तर वर्तुळ पुसट होतं आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते, मग भल्याभल्यांना निदान करणं अवघड जातं.

गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली आणि सोबत सांधेदुखी, ताप, तोंडात फोड असं काही असेल, किंवा डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. रांग मोठी असते, पण दिवसाला इतके चेहरे बघणारे डॉक्टर दुसरीकडे मिळायचे नाहीत.

मग महिनाभर उपास

कारण काहीही असो, चिडलेल्या त्वचेला आधी शांत बसू द्यायचं. चार आठवडे फक्त तीन वस्तू: सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. डॉक्टरांनी दिलेलं औषध असेल तर ते चालूच ठेवा. बाकी सीरम, टोनर, स्क्रब, शीट मास्क, वाफ, ब्लीच, सगळं बंद. हा महिना कंटाळवाणा जातो. मला दुसऱ्या आठवड्यातच काहीतरी लावावंसं वाटायला लागतं.

स्वयंपाकघरातले उपायही यातच आले. पीएच म्हणजे आम्लता मोजायचं माप: सातच्या खाली आम्ल, वर अल्कली. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, निरोगी त्वचेचा साडेचार ते साडेपाच, आणि खायच्या सोड्याचा आठच्या वर. दोन्हीकडून चेहऱ्यावर अन्यायच. लिंबू लावून उन्हात गेलात तर चट्टे उठून काळे डाग पडतात, ते वेगळंच. बेसन, मुलतानी माती, संत्र्याच्या सालीची पूड घासली जाते, आणि घासणं हा या त्वचेचा मोठा शत्रू. दिवाळीतलं उटणं मी सोडलेलं नाही, पण ते हातापायांना आणि पाठीला. चेहऱ्याला अभ्यंगस्नानाचं पुण्य थोडं कमी मिळालं तरी चालेल.

"पण ते नैसर्गिक आहे ना!" असं आई म्हणते. बिब्बाही नैसर्गिकच असतो. आंब्याचा चीकही. कोकणातल्या माणसाला यापुढे काही समजावावं लागत नाही.

क्लेन्झर बिनसाबणाचा हवा, पीएच साडेपाचच्या आसपासचा, कमी फेसाचा. साबणाचा पीएच नऊ-दहा असतो. धुतल्यावर त्वचा 'करकरीत स्वच्छ' वाटली तर तो तुमच्यासाठी नाही. रात्री एकदा पुरे, सकाळी नुसतं पाणी, आणि मुंबईत नळाचं पाणी तसंच चालतं, गरम करायचं नाही. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर त्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर चेहऱ्यावर राहतो. अशा घरांत बिनसाबणाच्या क्लेन्झरचा फरक लगेच कळतो.

मॉइश्चरायझर न लावण्याची मुंबईकर सबब ठरलेली: "इथे आधीच चिकचिक." पण एसीतले नऊ तास हवेतला ओलावा खेचून घेतात आणि घामाने चिकट झालेली त्वचाही आतून कोरडीच असू शकते. ग्लिसरीन, सेरामाइड, पॅन्थेनॉल, स्क्वालेन ही नावं शोधा. दिवसा पातळ लोशन, रात्री थोडं घट्ट. जेल क्रीम उकाड्यात सुखाचं वाटतं, पण त्या थंडाव्यामागे कधी कधी मेन्थॉल किंवा त्वचा कोरडी पाडणारं डिनेचर्ड अल्कोहोल असतं. थंड वाटलं म्हणून ते सौम्य झालं, असं नाही. आणि काहीच सोसवत नसेल त्या आठवड्यात सुगंध नसलेली साधी पेट्रोलियम जेली, रात्री, बोटाने अगदी पातळ थर. तिला कुणी विचारत नाही, कारण ती स्वस्त आहे.

डबीची मागची बाजू

पुढच्या बाजूला लिहिलेलं मी वाचायचं सोडून दिलं आहे. 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाला सर्वमान्य कसोटी नाही. 'डर्मटॉलॉजिकली टेस्टेड' म्हणजे तपासलं. निकाल काय लागला ते लिहिलेलं नसतं. 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही, पण मूळ वास दडपण्यासाठी आत सुगंध घातलेला असू शकतो. आपल्याला हवं ते 'फ्रॅग्रन्स-फ्री', आणि तेही मागच्या यादीत पडताळून.

आपल्याकडच्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. म्हणजे पहिल्या पाच-सहा नावांत वस्तूचा जीव असतो आणि शेपटीत तिचा विंचू. सुगंध आणि टिकाऊपणाची रसायनं बहुधा शेपटीत सापडतात.

टाळण्यासाठी मी पाहते ती नावं अशी: फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन, सिट्रॉनेलॉल, लव्हेंडर, पुदिना, निलगिरी, लिंबूवर्गीय तेलं, मेन्थॉल, कापूर, मिथाइलआयसोथायझोलिनोन, डीएमडीएम हायडँटोइन आणि इमिडाझोलिडिनिल युरिया. ही शेवटची दोन हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडतात. यांतलं मिथाइलआयसोथायझोलिनोन अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेन या टिकाऊपणाच्या रसायनांना उलटा मान दिला, 'नॉन-ॲलर्जन' म्हणून, कारण त्यांची ॲलर्जी फारच कमी जणांना होते. म्हणजे 'पॅराबेन-फ्री' छापून ज्यादा पैसे मागणारी डबी आतून त्याहून तिखट परिरक्षक वापरत असू शकते.

अल्कोहोल शब्दाला सरसकट घाबरू नका. 'अल्कोहोल डिनॅट' (म्हणजे तेच डिनेचर्ड) वरच्या ओळीत असेल तर टाळा. सिटाइल, सिटिअरिल, स्टिअरिल अल्कोहोल मात्र मेणासारखी मऊ असतात, त्यांनी त्वचा कोरडी पडत नाही.

बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरायची मुदत आणि परवाना किंवा आयात नोंदणीचा क्रमांक यांतलं काही नसेल तर वस्तू खाली ठेवा. विशेषतः गोरं करणारी क्रीमं. त्यांत पारा सापडल्याची प्रकरणं घडली आहेत आणि पारा मूत्रपिंडावर जातो. लेडीज डब्यात विकायला येणाऱ्या बायकांकडून मी क्लिपा, रबरं, कानातली आनंदाने घेते. काजळ आणि लिपस्टिक नाही.

कोपराची परीक्षा

नवीन वस्तू थेट गालावर लावायची नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. क्लेन्झर असेल तर तिथे मिनिटभर ठेवून धुवा. एका दिवसात उरकायची ही परीक्षा नाही, कारण ॲलर्जी बऱ्याचदा दोन ते चार दिवसांनी उमटते. कोपर पास झालं तर तीन दिवस जबड्याच्या कडेला, कानाखाली. मग चेहरा. आणि एका वेळी एकच वस्तू, दोन वस्तूंमध्ये दोन आठवडे. सेलमध्ये पाच गोष्टी एकदम घेऊन पाचही एकदम लावल्या आणि पुरळ आलं, तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मोबाइलमध्ये तारीख आणि वस्तूचं नाव टिपून ठेवा. मी मागच्या लेबलचा फोटोही काढते.

इतकं करूनही पुन्हा पुन्हा पुरळ येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवतात आणि नंतरही एकदा बघतात. ते दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. त्यामुळे मुंबईत ही टेस्ट जानेवारीत करून घ्यावी, हे माझं अनुभवाचं मत.

आणि एक चकवा: पापण्यांवर पुरळ आलं की आपण आयक्रीमला दोष देतो, पण गुन्हेगार पुष्कळदा नखांवर असतो. नेलपॉलिशची ॲलर्जी नखांपेक्षा पापण्यांवर आधी दिसते, कारण तिथली त्वचा सगळ्यांत पातळ आणि हात सारखा तिथे जातो. केसांच्या कलपातल्या पीपीडी या रंगद्रव्याचंही तसंच: कपाळ, कान, पापण्या सुजतात. कलप लावायच्या ४८ तास आधी थोडासा लावून बघा असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ते कुणीच वाचत नाही.

सनस्क्रीन, ज्याच्याशी वाकडं घेऊन चालत नाही

मुंबईत १५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. जुलैत ढग असतात म्हणून आपण निर्धास्त, पण अतिनील किरण ढगांतून बऱ्यापैकी येतात. लाल होणाऱ्या त्वचेचा ऊन हा पहिल्या नंबरचा वैरी, आणि सनस्क्रीन हीच तिला सगळ्यांत जास्त झोंबणारी वस्तू. पेच खरा हा आहे.

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली खनिज सनस्क्रीन सहसा सोसतात. त्यांचा पांढरा थर आपल्या रंगावर राखाडी दिसतो, म्हणून टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, घ्या. त्यातल्या आयर्न ऑक्साइडचा आणखी एक फायदा म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही थोडा अडतो. वांग असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८. त्यामुळे झोंबणाऱ्या ५०पेक्षा सोसणारं ३० बरं, पण पुरेसं लावलेलं: तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरून आग होत असेल तर भुवयांच्या वर फक्त झिंकची स्टिक लावून बघा. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, हे लोकलच्या गर्दीत कसं जमवायचं ते मला अजून जमलेलं नाही. मी छत्री उघडते. मे महिन्यात छत्री घेतली की लोक हसतात, हसू देत.

आता मेकअप

चेहरा महिनाभर शांत राहिला की मगच. लाली झाकायला हिरवा करेक्टर सांगतात, कारण रंगचक्रात हिरवा लालच्या समोर. गोऱ्या कातडीवर ते चालतं. गव्हाळ रंगावर तोच हिरवा आजाऱ्यासारखा करडा दिसतो. आपल्यासाठी बहुतेकदा पिवळट छटेचं फाउंडेशनच लाली मारतं, आणि तांबूस-जांभळट ठिपके उरलेच तर त्यांवर पीच किंवा ऑलिव्ह. रंग जबड्यावर लावून दुकानाबाहेर, उजेडात येऊन बघा. मॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत प्रत्येक छटा आपलीच वाटते. आणि टेस्टर थेट ओठांना, डोळ्यांना लावू नका. तो तुमच्या आधी पन्नास जणींचा झालेला असतो.

तासन् तास न हलणारा मॅट, वॉटरप्रूफ मेकअप घामात टिकतो हे खरं, पण काढताना जी घासाघास होते त्यात चार आठवड्यांचा उपास वाया जातो. डायमेथिकोनवर (एक प्रकारचं सिलिकोन) बेतलेलं हलकं फाउंडेशन किंवा नुसतं टिंटेड सनस्क्रीन, आणि तेलकट जागी थोडी पावडर. 'मिनरल' पावडर घेतलीत तर बिस्मथ ऑक्सिक्लोराइड नाही ना ते बघा. त्याची चमक छान, पण घाम आला की काहींना खाज सुटते. ओठ फुगवणारी लिपस्टिक दालचिनी-पुदिन्याच्या जोरावर ओठ सुजवतेच, वेगळी जादू नाही. मस्कारा तीन महिन्यांत टाकून द्या. बाकीच्या डब्यांवर उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यातला आकडा म्हणजे उघडल्यानंतरचे महिने. मुंबईच्या दमटपणात आणि बाथरूमच्या फळीवर ते महिने मला कमीच धरावेसे वाटतात. ब्रश आठवड्याला धुवायचे. ब्लशबद्दल मला विचारू नका. आमच्यासारख्यांनी ब्लश विकत घेणं म्हणजे समुद्रात बादलीभर पाणी ओतणं.

टिकलीचं मात्र सांगायलाच हवं. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं आणि त्याने टिकलीच्या जागी कातडीचा रंग जाऊन पांढरा डाग पडू शकतो. खाज किंवा फिका ठिपका दिसला की टिकली ताबडतोब थांबवा, जागा बदलून लावत बसू नका. बाजारी कुंकवात कृत्रिम रंग असतात, त्यानेही कपाळ चिघळतं. हळदीकुंकवाला गेल्यावर मी बोटाने भुवयांच्या मध्ये टेकवून घेते आणि घरी आल्यावर ओल्या कापसाने टिपते. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

कार्यासाठी पार्लरमध्ये बोलावलं असेल तर आठवडाभर आधीपासून ब्लीच, फेशियल, नवीन काहीही नको. आपलं फाउंडेशन आणि आपला स्पंज घेऊन जा. पार्लरवाल्या ताई थोड्या फुगतात. त्यांना सांगा, "ताई, माझा चेहरा लहरी आहे, तुमचा हात फुकट जायला नको." बहुतेक ऐकतात.

पुढच्या गोष्टी, हळूहळू

चेहरा दोन-तीन महिने शांत राहिला तर नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चं एक रूप) चार-पाच टक्क्यांचं चालतं. दहा टक्क्यांचं घेऊन गाल पेटवून घेऊ नका. अझेलाइक ॲसिड रोझेशियासाठी खरोखर उपयोगी आहे, पहिले काही दिवस चुणचुणतं, पण गरोदर असाल किंवा आधीच औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. ग्लायकोलिक, रेटिनॉल, तीव्र व्हिटॅमिन सी यांना आणखी थांबायला लावा.

भडकलेल्या दिवशी

एवढं सांभाळूनही एखाद्या ऑक्टोबरच्या दुपारी चेहरा पेटतोच. तेव्हा सगळं धुऊन टाका, घासू नका, टिपा. साध्या पाण्यात भिजवलेला सुती रुमाल दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका, गुलाबपाणी नको. बाजारातल्या बहुतेकांत सुगंधच असतो. मग पातळ मॉइश्चरायझर, आणि त्या रात्री बाकी काही नाही. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास जड झाला तर वाट न बघता हॉस्पिटल. नुसतीच आग असेल तर पंख्याखाली बसा, चहा कोमट होऊ द्या, आणि मोबाइलमधली यादी उघडून शेवटची तारीख कुठल्या वस्तूपुढे लिहिली आहे ते बघा.